माटोळीची चौथी कडी

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, म्हणजे मधे मधे मला थांबावं लागणार नाही. नाहीतरी अख्खं कोरगाव हसून मोकळं झालंय. पेडण्याच्या बाजारात मासळीवालीसुद्धा मला बघून "येवा सायबानु, बांगडे थंडगार असत" म्हणते आणि शेजारणीला कोपर मारते. तुम्हीच तेवढे राहिलात. तर घ्या चहा आणि ऐका.

माझा गाढवपणा कळायला आधी माझी हुशारी कळायला हवी. पेडण्यात एका कचेरीत मी हेडक्लार्क. कचेरीत एसी तीन, आणि तिन्हींचा वैद्य मी. कुणी नेमलं? कुणी नाही, मीच! एसी गार करत नाही? बोलवा सुधाकरबाबांना. मी खुर्चीवर चढतो, पुढचं झाकण उघडतो, फिल्टर काढून नळाखाली धुतो, सुकवून बसवतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. रिमोट चालत नाही? सेल उलटे घातलेले असतात. नुसताच वारा येतो? कुणीतरी बटण पंख्यावर नेऊन ठेवलेलं असतं. पाणी गळतं? बाहेरच्या नळीच्या तोंडाशी माशीने मातीचं घर बांधलेलं असतं, तारेने टोकरा. मेकॅनिक आला की पहिलं काय म्हणतो? "गॅस संपलो." अरे, गॅस काय स्वयंपाकाचा सिलिंडर आहे संपायला? कुठे गळत असेल तरच कमी होणार ना! हे मी एकदा एका मेकॅनिकला तोंडावर सांगितलं, तेव्हापासून कचेरीत माझा दरारा आहे. दरारा होता म्हणा.

आता घरचं सांगतो. आमचा गणपती बसायचा दादाकडे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बसवर कंडक्टर होता. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी आरतीला गर्दी झाली की "फुडे सरा, मागे जागा ठेवा" म्हणतो. त्याचं घर आमचं जुनं, कौलारू, देवाची खोली एवढीशी. पंखा लावला की समई विझते, आणि पंखा नाही लावला की माणसं विझायची पाळी येते. मी शेताच्या पलीकडे नवीन घर बांधलं, स्लॅबचं, मोठ्या हॉलचं, आणि हॉलमध्ये एसी बसवला. समईची ज्योत हलणार नाही आणि भटजींना घाम येणार नाही! असं मी दादाला दोन वर्षं ऐकवत होतो.

पण खरं सांगायचं तर गणपती मला हवा होता त्याहून जास्त सुलभाला हवा होता. सुलभा माझी बायको. बावीस वर्षं तिने चवथीला वहिनीच्या चुलीशी बसून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या. वहिनी चांगली हो, तिचं काही म्हणणं नाही. पण सुलभा एकदा मला म्हणाली, "माझ्या दारातून एकदा तरी देव आत यायला हवा. मी त्याच्या पायावर पाणी घालीन." बस, एवढंच.

दादाने देवळात जाऊन कौल लावला. देवाने उजवा दिला, म्हणजे होकार. तरी दादा तो दादाच. म्हणाला, "ह्या वर्सा बघूया. सगळां बरां झालां तर फुडे देव तुझ्याकडेच. काय वावगां दिसलां तर गुपचूप परत आमच्याकडे. आणि मगे तोंड वाकडां करूचां नाय."

"नाय करणंय," मी म्हटलं.

"आणि माटोळी खंय टांगतलंस? तुझ्या स्लॅबाक ना वासो, ना आडां."

"कड्यो घातलंय. चारी."

इथे जरा थांबा. माटोळी तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. गणपतीच्या बरोबर डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगायची आणि तिला रानातलं, बागेतलं जे जे काही देवाने पिकवलंय ते बांधायचं. नारळाच्या जोड्या, सुपारीचा घड, केळीचा घड, पपनसासारखं तोरिंग, चिबूड, आंबाडे, लालभडक कवंडळं. आमच्याकडे मखराकडे कोण बघत नाही हो, आधी मान वर करून माटोळी बघतात. तिचं वजनही तसंच असतं. म्हणून चार कोपऱ्यांना चार भक्कम कड्या लागतात.

त्या मी घातल्या होत्या. खोटं नाही बोललो. स्लॅब ओतायच्या दिवशी स्वतः उभा राहून गवंड्याकडून चार कड्या घालून घेतल्या.

तर चवथीच्या आदल्या दिवशी, तयेला, मी शिडीवर. दादा खाली चटईवर बसून एकेका फळाला काथ्या बांधतोय. पहिली कडी सापडली, दुसरी सापडली, तिसरी सापडली. चौथी? चौथ्या कोपऱ्यात होतं पीओपीचं कमळ. हो, कमळच. आठ पाकळ्यांचं. छताला पीओपी करताना "त्या कोपऱ्यात एक फूल काढा, शोभा येईल" असं त्या माणसाला मीच सांगितलं होतं. कडी गेली होती कमळाच्या पोटात.

"झालां रे?" खालून दादा.

"झालांच!" वरून मी.

आता काय करायचं? कमळ फोडायचं? धुरळा सगळा मखरावर. दादाला सांगायचं? तो शांतपणे "बरां" म्हणाला असता, चटईवरून उठला असता आणि सकाळी गणपती घेऊन स्वतःच्या घराची वाट धरली असती. निदान त्या शिडीवर मला तसंच वाटलं. आत सुलभा नेवऱ्यांची कणीक मळत गुणगुणत होती. बावीस वर्षांत मी तिला चवथीला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मी इकडेतिकडे बघितलं. बाजूच्या भिंतीवर वर एसी. एसीच्या कडेने पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेली पाइपांची जुडी निघते, हातभर भिंतीवरून जाते आणि मग भोकातून बाहेर. मनगटापेक्षा जाड. मी ओढून बघितली. हलली नाही. लोंबकळून बघितलं, म्हणजे शिडी न सोडता जेवढं लोंबकळता येतं तेवढं. तरी हलली नाही. मग काय! काथ्याची दोरी घेतली, जुडीला दोन वेढे दिले आणि वर सरगाठ मारली. जितकं वजन तितकी घट्ट! दुसरं टोक माटोळीच्या चौथ्या कोपऱ्याला. दोरी भिंतीपासून दोन-तीन हात तिरकी खाली येत होती, तिला मी आंब्याच्या डहाळ्या बांधून टाकल्या. खालून बघितलं तर तोरणच. माझा मलाच अभिमान वाटला हो.

दादाने मान वर करून बघितलं. "बरी झाली," म्हणाला. दादाच्या तोंडून "बरी" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सोन्याचं कडं.

चवथीला सकाळी गणपती आला. आमचा गणपती मातीचाच, चिकणमातीचा, गेली कित्येक वर्षं एकाच चिताऱ्याकडचा. दादाच्या डोक्यावरून तो आमच्या दारात आला, सुलभाने दादाच्या पायांवर दूध-पाणी घातलं, देवाला ओवाळलं, आणि पदराने डोळे पुसत आत पळाली. मलाही भरून आलं, कशाला खोटं बोलू! एसी चोवीसवर, समईची ज्योत सरळ उभी, भटजी खूश. नेवऱ्या खुसखुशीत झाल्या, असं वहिनीने स्वतः म्हटलं.

संध्याकाळी आरती. दादा पुढे, झांजा जोरात, आणि मधेच दादाने डोक्यावरून हात फिरवला. मग वर बघितलं. मग परत आरती. परत डोक्यावरून हात.

आरती संपल्यावर म्हणाला, "सुध्या, पाणी पडता."

"फळां धुवन बांधली ना दादा. सुकतली."

त्याला पटलं, मलाही पटलं. पण धुतलेली फळं रात्रभर सुकायची सोडून सकाळी जास्तच ओली झाली होती. माटोळीच्या मधोमध टांगलेल्या तोरिंगाच्या शेंड्यावरून टप्, थोड्या वेळाने परत टप्. एक थेंब थेट नेवऱ्यांच्या ताटात.

वहिनी म्हणाली, "नारळाक चीर गेली असतली."

मी शिडीवर चढलो आणि नारळ एकेक करून कानाशी हलवून बघितले. सगळे शाबूत. वहिनीने तोवर वाटीत थेंब गोळा केले, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "नारळाचां नाय भावजी. चवच नाय. गार मात्र असा."

गार! या बाईने रोग ओळखून सांगितला होता बघा. पण मी वैद्य ना!

दारात शेजारच्या बायोकाकी आल्या होत्या, त्यांनी ती वाटी हातात घेतली, डोळ्यांना लावली आणि तीर्थ म्हणून पिऊन टाकली. "देव पावलो गो सुलभा तुका! नव्या घरात गंगा इली!" त्या घोटाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. काकी ठणठणीत आहेत, एवढंच समाधान.

दादाचं मत मात्र निराळं होतं. तो नुसता खुर्चीवर बसून वर बघत राहिला. आयुष्यभर बसमध्ये फुकटे हेरलेला माणूस तो. त्याचं ते बघणं मला आवडलं नाही.

तेवढ्यात सुलभाने हळूच विचारलं, "अहो, तुमच्या एसीचं तर नसेल ना पाणी?"

झालं! घरात, पाहुण्यांसमोर, माझ्या एसीवर संशय! मी म्हटलं, "इकडे या सगळ्यांनी." सगळे आले. मी एसीच्या खाली फरशीवर हात फिरवून दाखवला. "कोरडी आहे का? आहे. एसी गळला की पाणी एसीच्या खाली पडतं, बरोबर? न्यूटनने सांगून ठेवलंय. इथून गणपती किती लांब? तीन हात. एसीचं पाणी हवेत तीन हात उडी मारून देवावर पडणार का?"

"नाय," भटजींसकट सगळे म्हणाले.

तेवढ्यावर गप्प बसायचं ना? नाही. मी पुढचं झाकण उघडलं, फिल्टर काढला, मागीलदारी नेऊन धुतला, सगळ्यांना उजेडासमोर धरून दाखवला. आत टॉर्च मारली. "बर्फ धरलाय का? नाही. वास येतो का? नाही. आवाज? नाही. हा एसी निर्दोष आहे. पाणी कशाचं आहे सांगू? हवेतल्या दमटपणाचं. भादव्यात हवा ओली असते, ती गार फळांवर बसते, आणि त्याचे थेंब होतात. उपाय सोपा आहे." असं म्हणून मी रिमोट घेतला, एसी ड्राय मोडवर घातला. थोड्या वेळाने तेवढ्याने भागेना म्हणून परत कूलवर आणून अठरावर नेला.

आता जाणकार मंडळी कपाळाला हात लावतील. लावा. एसी हवेतलं पाणी काढतो ते काय खिशात ठेवतो? नळीवाटे बाहेर सोडतो. मी त्याला म्हणत होतो, अजून काढ, अजून काढ. आणि तो बिचारा काढत होता.

त्या दिवशी पूजा कशी झाली विचारू नका. भटजी सोवळ्यात, उघडेबंब, एसी अठरावर. मंत्र असे सुटले की देवालासुद्धा धाप लागली असेल. दात वाजल्यामुळे एका श्लोकाचे दोन होत होते. दक्षिणा हातात पडताच भटजी अंगणात उन्हात जाऊन उभे राहिले. "छान वाटलं हो," म्हणाले आणि उपरणं दुहेरी करून पांघरलं.

आणि माटोळी? आता थेंब राहिले नव्हते, सुरुवात-शेवट नसलेली बारीक धार लागली होती. देवापुढे पितळी ठेवली तर तासाभरात भरायला लागली. एक थेंब देवाच्या हातावर पडला आणि मोदकाचा रंग ओघळून मनगटापर्यंत आला. मातीचा देव तो, प्लास्टरचा थोडाच! पाणी खाऊन हात उकलला तर काय करायचं?

दादा उठला. "माटोळी उणी असा," म्हणाला.

"उणी म्हणजे?"

"आमच्या माटोळीक कांगण्यो असतत, घागऱ्यो असतत, रानातली म्हण जी जी आवशीन सांगल्यानी ती ती असतत. तू बाजारातली आणून बांधलंस. देवाक कमी पडलां ता तो सांगता."

आणि दादा, गुडघे दुखत असताना, काठी घेऊन डोंगरावर गेला. दुपारी परतला तेव्हा घामाने निथळत होता, पायाला काटे टोचलेले, आणि खांद्यावर ही मोठी जुडी रानफळांची. वाटेत स्वतःच्या बागेतून केळीचा आणखी एक घड आणि सुपारीचा आणखी एक घडही कापून आणला होता. मला लाज वाटली खरी. पण मी करणार काय? शिडीवर चढलो आणि सगळं बांधलं.

बांधून खाली उतरतो तर धार दुप्पट!

बायोकाकी म्हणाल्या, "अजून काय तरी रवलां असतला." त्यांनी परसातून भोपळा आणला. तो बांधला. धार अजून वाढली. मग वहिनीने शहाळी दिली, कुणी पपई आणली, कुणी दुधी. जो येतो तो दर्शन घेतो, वर बघतो, जीभ चावतो आणि घरी जाऊन काहीतरी घेऊन येतो. मी बांधतोय, बांधतोय! जेवढं जास्त बांधावं तेवढं पाणी जास्त. माझ्या सरगाठीचं मला काही म्हणजे काही आठवलं नाही. आठवलं होतं ते एवढंच, की तिकडे कुणाचं लक्ष जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी सुकलेल्या डहाळ्या काढून तिथे नव्या डहाळ्या लावल्या.

संध्याकाळच्या आरतीला मी देवाच्या डोक्यावर छत्री धरून उभा. काळी छत्री, कचेरीत नेतो ती. झांजा वाजतायत, छत्रीवर पाणी तडतडतंय, आणि एसीमुळे अर्धी माणसं शाल पांघरून सुखकर्ता म्हणतायत. बायोकाकींच्या नातीने मोबाइलवर तो सोहळा टिपला आणि गावभर पाठवला. 'सुधाकरबाबांच्या घरात पाऊस' असं खाली लिहून.

आरती झाल्यावर दादाने मला व्हरांड्यात बोलावलं. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"सुध्या, देवाचां मन हंय लागत नाय. उद्या देवळात जाऊन विचारतंय. पण माका वाटता, फुडल्या वर्सा आपल्या जुन्या घरातच बरां."

मी मान डोलावली. कबूलच केलं होतं तोंड वाकडं करणार नाही म्हणून. आत गेलो तर सुलभा हळदीच्या पानांवर पातोळ्यांचं पीठ थापत होती. तिने ऐकलं होतं.

"माझं काही चुकलं का हो?" ती म्हणाली. "सोवळं मोडलं का माझ्याकडून कुठे? मी सगळं वहिनींना विचारून केलं."

तिने तोंड फिरवलं. काय सांगू तुम्हाला, मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की गणपतीपेक्षा आधी मीच विरघळतो की काय असं झालं. आणि तरीही, बघा माणसाचा स्वभाव, तरीही त्या चौथ्या कडीचं मी तिला सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दादा देवळात जायला निघाला. टोपी घातली, नारळ घेतला, आणि दारात समोरून रवळू आला.

रवळू हा बांद्याचा मेकॅनिक. आमचा एसी त्यानेच बसवलेला. "गॅस संपलो" वरून मी ज्याला तोंडावर सुनावलं होतं तोही हाच. पण माणूस दिलदार. कामाला आला नव्हता हो, चवथीत कोण काम करतो? पांढरा स्वच्छ शर्ट घालून, फळांची पिशवी घेऊन दर्शनाला आला होता. मीच बोलावलं होतं, घर दाखवायला.

त्याने चपला काढल्या, देवासमोर उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले. पुटपुटून झाल्यावर डोळे उघडले आणि रीतीप्रमाणे माटोळी बघायला मान वर केली. माटोळीवरून नजर गेली दोरीवर. दोरीवरून डहाळ्यांवर. तिथे थांबली. हात जोडलेलेच राहिले.

"सायबानु," तो हळूच म्हणाला, "त्या आंब्याच्या पानांच्या आत काय असा?"

"कुठे? काही नाही. तोरण."

"शिडी खंय असा?"

शिडी तिथेच होती, दोन दिवस ती हललीच नव्हती. रवळू वर चढला, डहाळ्या बाजूला केल्या, आणि एक शिट्टी मारली. देवासमोर शिट्टी! मग खाली न बघताच म्हणाला, "हंय दोरी कोणी बांधल्यान?"

खोलीत दादा, वहिनी, सुलभा, बायोकाकी आणि दर्शनाला आलेली पाच-सहा माणसं. मी गणपतीकडे बघायला लागलो.

"ह्या पट्टीत तांब्याच्यो दोन नळ्यो असतत," रवळू सगळ्यांना समजावून सांगू लागला, "वायर असता, आणि पाणी भायर जावची एक मऊ नळी असता. ही गाठ त्या नळीच्या नरड्याक बसल्या. पाण्याक भायर जाऊक वाट नाय. मगे ता आतल्या ताटात भरता, ह्या कडेन सांडता, आणि दोरीवरसून उतरान सरळ देवाच्या डोक्यार येता. पाणी दोरी धरून इलां सायबानु, उडी मारून नाय."

"मग सोडून टाक ती दोरी!" मी म्हटलं.

"सोडतंय. माटोळी देवावर पडली तर चलात?"

मग काय, आधी माटोळी हलकी करायला हवी. रवळू वर, दादा खाली. भोपळा उतरवला. रवळू वरून म्हणाला, "गाठ सैल झाली वायच." धार बारीक झाली. शहाळी उतरवली. धार तुटली. केळीचा दुसरा घड, सुपारीचा दुसरा घड, पपई, दुधी. टप्... टप्... आणि मग दादाने डोंगरावरून आणलेली ती जुडी उतरवली, आणि पाणी थांबलं. त्याच वेळी बाहेर, भिंतीच्या पलीकडे, नळीतून अंगणात भस्सकन पाणी पडल्याचा आवाज आला. दोन दिवसांचं तुंबलेलं. सगळ्यांनी तो ऐकला.

दादा खुर्चीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सुध्या. चार कड्यो घातलंय म्हणालंस."

"घातलंय दादा. देवाशपथ घातलंय. चौथी त्या कमळात असा."

दादाने कमळाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. इतक्या लोकांनी एकदम ते कमळ कधी बघितलं नव्हतं.

"माका तेच दिवशी सांगलां असतंस तर?"

"तू देव परत व्हरशीत असां वाटलां."

"अरे गाढवा, एक मेख मारली असती भिंतीक!" दादाचा आवाज चढला, आणि मग कुठेतरी मधेच त्याला हसू फुटलं. आधी पोट हललं, मग खांदे. वहिनी पदर तोंडात कोंबून आत गेली. रवळू शिडीवर बसूनच हसत होता, शिडी हलत होती. बायोकाकी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे मिया काल काय पियालंय?"

मी मात्र बघत होतो ती सुलभाकडे. ती दाराला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते ओझं उतरताना मला दिसलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. दोन दिवस तिने उगीच स्वतःला खाल्लं होतं, माझ्या एका सरगाठीपायी. मला तिच्याकडे बघवेना.

दादाने भिंतीला खरोखरच मेख मारली. रवळूने नळी सरळ केली, तांब्याच्या नळ्या वाचल्यात म्हणाला, आणि एसी चोवीसवर आणून ठेवला. "गॅस मातर असा हां सायबानु, संपलो नाय," एवढं बोलून त्याने माझा हिशेब चुकता केला. मग माटोळी परत टांगली, दादाच्या जुडीसकट. एक थेंब नाही. चिताऱ्याकडून रंग आणून देवाचा मोदक परत रंगवला.

देवळात जायचं राहिलं. त्या संध्याकाळी आरतीनंतर, सगळे पाहुणे असताना, दादाने मला पुढे बोलावलं. देवाला नमस्कार केला, आणि बसमध्ये थांब्याचं नाव पुकारावं तशा आवाजात म्हणाला, "आयकलास सगळ्यांनी? देव फुडल्या वर्सा हंयच. दर वर्सा हंयच. मिया बघलंय, घर बरां असा. जागा बरी असा. सुलभाच्या करण्यात बोट ठेवूक जागा नाय. एसीय बरो असा. देवाची तक्रार कोणाबद्दलच नाय..."

मी नम्रपणे मान खाली घातली.

"...फक्त घरधनी तेवढो बदलूक होयो."

आणि बावीस वर्षांत थोरल्या दिरासमोर जिने कधी मान वर केली नाही, ती माझी बायको स्वयंपाकघरातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बदला दादा! चवथ संपायच्या आत बदलला तरी माझी काही हरकत नाही!"